रुग्ण कोण? अटलांटाच्या एका समाजकार्य विद्यालयाची कहाणी

१/
जून १९२७. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘फोरम’ या मासिकात एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते ई. फ्रँकलिन फ्रेझर. वय बत्तीस वर्षे, व्यवसाय अध्यापनाचा, वर्ण काळा आणि वास्तव्य अमेरिकेच्या दक्षिणेतील अटलांटा शहरात. लेखाचा विषय वंशद्वेष हा होता आणि प्रतिपादन असे होते की वंशद्वेषाची लक्षणे वेडाच्या लक्षणांशी तंतोतंत जुळतात. लेखाची वार्ता अटलांटाच्या वृत्तपत्रांत पोहोचली, धमक्या येऊ लागल्या आणि फ्रेझर यांना पत्नीसह तातडीने शहर सोडावे लागले. जाताना त्यांच्या कमरेला पिस्तूल होते, असे सांगितले जाते.

हे गृहस्थ तेव्हा समाजकार्य शिकवणाऱ्या एका विद्यालयाचे संचालक होते. वर्गात काय शिकवावे आणि विद्यार्थ्याला कोणाच्या हाताखाली घडवावे, या दोन प्रश्नांवर त्या विद्यालयात जो झगडा झाला, त्याची ही कहाणी.

२/
आरंभ थोडा मागून करायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील दानधर्म हळूहळू शिस्तबद्ध होऊ लागला होता. धर्मादाय मंडळांच्या स्वयंसेविका गरिबांच्या घरी जात, चौकशी करत, मदतीस पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवत. या कामाला प्रशिक्षण हवे, या विचाराने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एक उन्हाळी वर्ग भरला. त्यातून १९०४ मध्ये पूर्ण वर्षाचे विद्यालय उभे राहिले. १९१७ साली मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ आला. नावातच ‘निदान’ हा वैद्यकाचा शब्द होता. समाजकार्यकर्त्याने वैद्याप्रमाणे पुरावे गोळा करावेत, माणसाची परिस्थिती पारखावी आणि मग उपाय सुचवावा, ही दृष्टी त्यातून रुजली. धंदा शास्त्रीय झाला. मात्र एक गोष्ट गृहीतच राहिली: ज्याचे निदान करायचे तो समोर बसलेला गरीब माणूस.

३/
याच सुमारास अमेरिकेचा लोकसंख्येचा नकाशा बदलत होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे कापसाची शेते सोडून शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया या शहरांकडे निघाली. त्यांना घर हवे होते, काम हवे होते, दवाखाना आणि पाळणाघर हवे होते. परंतु युरोपातून आलेल्या स्थलांतरितांसाठी दारे उघडणाऱ्या अनेक सेवाकेंद्रांनी कृष्णवर्णीयांना उंबऱ्याबाहेर ठेवले, किंवा त्यांच्यासाठी निराळी आणि निकृष्ट व्यवस्था केली. दक्षिणेत तर कायद्यानेच सारे वेगळे होते: शाळा, रेल्वेचा डबा, इस्पितळातील खोली. गोरे आणि काळे विद्यार्थी एका बाकावर बसून समाजकार्य शिकतील, ही गोष्ट जॉर्जिया राज्यात कल्पनेपलीकडची होती.

४/
या कोंडीतून पहिली वाट काढली जॉर्ज एडमंड हेन्स यांनी. न्यूयॉर्कच्या समाजकार्य विद्यालयातून १९१० मध्ये पदवीधर झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीयही तेच, साल १९१२. रूथ स्टँडिश बाल्डविन यांच्यासह त्यांनी १९१० मध्ये उभारलेली संस्था पुढे ‘नॅशनल अर्बन लीग’ या नावाने ओळखली गेली. हेन्स यांना कळले होते की संस्था उभारून भागणार नाही. ती चालवणारी शिकलेली माणसे घडवायला हवीत. म्हणून लीगने शिष्यवृत्त्या सुरू केल्या. होतकरू कृष्णवर्णीय तरुण-तरुणींना न्यूयॉर्कला पाठवायचे, विद्यालयात शिकू द्यायचे आणि त्याच वेळी लीगच्या कामात जाणत्या माणसांच्या हाताखाली उमेदवारी करू द्यायची. या शिष्यवृत्तीची दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण ती पुढे येणार आहेत: फॉरेस्टर वॉशिंग्टन आणि इनाबेल बर्न्स लिंडसे.

५/
आता अटलांटा. १९०६ च्या सप्टेंबरात या शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांवर हल्ले केले, माणसे मारली, दुकाने फोडली. १९१५ मध्ये शहराजवळच्या स्टोन माउंटनवर कू क्लक्स क्लॅन ही संघटना पुन्हा जिवंत झाली.

याच शहरात लुजेनिया बर्न्स होप या बाईंनी १९०८ साली ‘नेबरहूड युनियन’ स्थापन केली. त्यांचे पती जॉन होप हे मोरहाऊस महाविद्यालयाचे अध्यक्ष. बाईंनी वस्त्यांचे विभाग पाडले, घरोघरी पाहणी केली, मुलांसाठी वर्ग आणि रुग्णांसाठी दवाखाना चालवला, शाळांच्या दुरवस्थेचे पुरावे गोळा करून नगरपालिकेपुढे ठेवले. पुढे मोरहाऊसमध्ये समाजसेवेचे प्रशिक्षणवर्गही या संघटनेने भरवले. पदवीचे समाजकार्य अटलांटात येण्याआधी वस्तीतल्या बायकांनी ते करून दाखवले होते.

६/
१९२० साली समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय परिषद न्यू ऑर्लिन्स येथे भरली. अर्बन लीगचे दक्षिणेतील प्रतिनिधी जेसी ओ. थॉमस यांनी तेथे एक साधी मागणी मांडली: दक्षिणेत कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांना शिकवणारे एक विद्यालय हवे. त्याच वर्षी मोरहाऊसच्या आवारात ‘अटलांटा स्कूल ऑफ सोशल वर्क’चे वर्ग सुरू झाले. समाजशास्त्राचे अध्यापक गॅरी मूर यांच्याकडे त्याची धुरा आली.

न्यू ऑर्लिन्सची ही परिषदही ध्यानात ठेवावी. अठ्ठेचाळीस वर्षांनी हेच व्यासपीठ पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा मागणीचा सूर वेगळा असणार आहे.

७/
विद्यालयाच्या जन्मातच एक पेच होता. केवळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विद्यालय काढणे म्हणजे वेगळेपणाचा कायदा मान्य करणे नव्हे काय? आणि न काढावे, तर दक्षिणेतील लाखो माणसांना आपली भाषा समजणारा, आपल्या घरी सन्मानाने येणारा कार्यकर्ता मिळणार कधी?

पेच तात्त्विक वाटला तरी त्याची धार रोजच्या व्यवहारात होती. दक्षिणेतील गोरी माणसे कृष्णवर्णीयांना ‘मिस्टर’, ‘मिसेस’ लावत नसत. साठीच्या आजीलाही एकेरी नावाने हाक मारण्याचा रिवाज होता. मदत मागायला आलेल्या बाईला ‘मिसेस’ म्हणणारा कार्यकर्ता केवळ शिष्टाचार पाळत नव्हता. तो शहराचा अलिखित नियम मोडत होता. विद्यालयाने असा कार्यकर्ता घडवायचा, आणि तेही गोऱ्या दात्यांच्या देणग्यांवर.

८/
१९२२ मध्ये फ्रेझर अटलांटात आले आणि लवकरच विद्यालयाचे संचालक झाले. जन्म बाल्टिमोरचा, १८९४ चा. हॉवर्ड विद्यापीठाची पदवी, क्लार्क विद्यापीठातून समाजशास्त्राचे उच्च शिक्षण, मग न्यूयॉर्कच्या समाजकार्य विद्यालयात एक वर्ष. तेथे त्यांनी गोदीतील कृष्णवर्णीय हमालांचा अभ्यास केला. त्यानंतर ते डेन्मार्कला गेले आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था व लोकशाळा त्यांनी जवळून पाहिल्या. महाराष्ट्रातील वाचकाला सहकाराची ओढ समजावून सांगायला नको. एकट्यादुकट्याने दान घेण्यापेक्षा दहा जणांनी मिळून भांडवल उभारले तर माणूस ताठ उभा राहतो, हा धडा फ्रेझर यांनी तेथून आणला.

त्यांच्या कारकिर्दीत विद्यालयाला स्वतंत्र कायदेशीर सनद मिळाली आणि अभ्यासक्रमाला शिस्त आली. गरिबाची चौकशी शिकवताना मजुरी, घरभाडे, शाळा आणि मतदानाचा हक्क यांचीही चौकशी त्यांना विद्यार्थ्यांकडून हवी होती.

९/
खरा संघर्ष वर्गाबाहेर होता. समाजकार्याच्या शिक्षणाची रीत अशी की विद्यार्थी आठवड्याचे काही दिवस वर्गात बसतो आणि उरलेले दिवस एखाद्या संस्थेत क्षेत्रकार्य करतो. तेथे पर्यवेक्षक असतो. विद्यार्थी भेटीची नोंद लिहितो, पर्यवेक्षक ती तपासतो. हा धंदा पुस्तकापेक्षा याच नात्यातून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो.

समजा, विद्यार्थ्याने नोंदीत लिहिले की कुटुंबप्रमुखाला काम नाही, कारण कारखाना काळ्या माणसाला झाडूखेरीज दुसरे काम देत नाही. पर्यवेक्षकाने ते खोडून ‘कामाविषयी अनास्था’ असे लिहायला लावले, तर विद्यार्थी काय शिकला? अटलांटातील मोठ्या संस्था गोऱ्यांच्या हाती होत्या. विद्यालयातही क्षेत्रकार्याची देखरेख एका गोऱ्या सहकारी बाईंकडे होती. त्यांच्याशी फ्रेझर यांचा खटका उडाला, तो वाढत गेला आणि विश्वस्त मंडळातील त्यांचा आधार खचत गेला.

१०/
म्हणजे ‘फोरम’मधील लेख आकाशातून पडलेला नव्हता. तो छापला जाण्याआधीच फ्रेझर यांचे विद्यालयातील दिवस भरत आले होते. लेखाने केवळ शेवट जवळ आणला आणि त्याला जिवावरचे संकट केले.

लेखात त्यांनी केले काय? त्या काळी मनोविश्लेषणाची भाषा समाजकार्यात नव्याने शिरत होती. अशिलाच्या मनातील गंड, भ्रम, आत्मवंचना यांचा शोध घ्यायला विद्यार्थ्यांना शिकवले जाई. फ्रेझर यांनी तीच भाषा उचलली आणि तिचे तोंड दुसऱ्या बाजूला वळवले. एरवी दयाळू, कायदा पाळणारा, घरात प्रेमळ असणारा गोरा माणूस कृष्णवर्णीयाचा प्रश्न निघताच क्रूर का होतो? कारण त्याच्या मनात या विषयाचा एक निराळा कप्पा तयार झालेला असतो. तेथे त्याचा विवेक पोहोचतच नाही. विरुद्ध पुरावा समोर आला तरी तो कप्पा हलत नाही; उलट पुराव्यालाच आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

११/
पुढची पायरी अधिक बोचरी होती. वेड म्हणजे अखेर सामाजिक कर्तव्य पार पाडण्याची असमर्थता. मग एका बाजूला गोरा आणि दुसऱ्या बाजूला काळा असलेल्या खटल्यात जो न्यायपंच निःपक्ष निवाडा देऊ शकत नाही, तो या कसोटीवर शहाणा कसा ठरतो? असा त्या प्रतिपादनाचा रोख होता.

लेखाची शास्त्रीय बाजू आज अनेकांना कच्ची वाटेल. द्वेष हा आजार मानला की द्वेष करणाऱ्याची जबाबदारी कमी होते, हा आक्षेपही रास्त आहे. मनोरुग्णांवर त्यातून विनाकारण ठपका येतो, हेही खरे. तरीही ऐतिहासिक दृष्टीने त्या लेखाने एक बंद दार ढकलले. समाजकार्याच्या अध्यापकाने जाहीरपणे विचारले: निदान करायचेच आहे, तर रुग्ण कोण?

१२/
त्याची किंमत त्यांनी मोजली. अटलांटा सुटले. फ्रेझर शिकागोला गेले, तेथे १९३१ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. फिस्क विद्यापीठात त्यांनी काही वर्षे अध्यापन केले आणि १९३४ मध्ये ते हॉवर्ड विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. कृष्णवर्णीय कुटुंबाचा इतिहास सांगणारा त्यांचा मोठा ग्रंथ १९३९ मध्ये आला आणि १९४८ मध्ये ते अमेरिकन समाजशास्त्रीय संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले.

व्यक्तीची कहाणी अशी उजळली. पण मागे राहिलेल्या विद्यालयाचे काय? संचालक जमावाच्या भीतीने निघून गेला, देणगीदार सावध झाले, दारे बंद करायला एवढे कारण पुरेसे होते.

१३/
विद्यालय टिकले, कारण त्याच वर्षी, १९२७ मध्ये, फॉरेस्टर वॉशिंग्टन तेथे आले. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले, टफ्ट्स महाविद्यालयाचे पदवीधर, हेन्स यांच्या शिष्यवृत्तीतून घडलेले. महायुद्धाच्या काळात डेट्रॉईटमध्ये अर्बन लीगची शाखा त्यांनी उभी केली होती आणि दक्षिणेतून येणाऱ्या कुटुंबांना नोकरी व निवारा मिळवून देताना शहराची नस त्यांना कळली होती.

फ्रेझर यांचा स्वभाव वीज कोसळावी तसा. वॉशिंग्टन यांचा भिंत रचणाऱ्या गवंड्यासारखा. १९२८ मध्ये त्यांनी विद्यालयाला समाजकार्य विद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व मिळवून दिले. कृष्णवर्णीयांच्या विद्यालयाला असा मान प्रथमच मिळाला. आता येथील पदविका कोणी ‘काळ्यांसाठी पुरेशी’ म्हणून बाजूला सारू शकत नव्हते.

१४/
मान्यता मिळाली की दुसरा धोका येतो. मान्यताप्राप्त विद्यालयांच्या चाकोरीत बसण्यासाठी आपलेच प्रश्न अभ्यासक्रमातून गळून जाण्याचा. वॉशिंग्टन यांनी हा धोका ओळखला होता. १९३५ मध्ये ‘जर्नल ऑफ नीग्रो एज्युकेशन’ या नियतकालिकात त्यांनी आपली भूमिका मांडली. तिचे सार असे: कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्याला इतर कोणाही कार्यकर्त्याइतके सर्वसाधारण शिक्षण हवेच; परंतु त्याला ज्या समाजात काम करायचे आहे, त्याचा इतिहास, त्याची अर्थस्थिती आणि त्याच्यावर लादलेली बंधने यांचा वेगळा अभ्यासही हवा. एकाच्या बदल्यात दुसरे नव्हे, दोन्ही.

ही भूमिका ऐकायला मवाळ, पण परिणामाने दूरगामी होती. वंशभेद हा विषय भावनेचा किंवा तक्रारीचा न राहता परीक्षेचा विषय झाला.

१५/
मंदीच्या वर्षांनी या शिक्षणाची कसोटी घेतली. केंद्र सरकारची मदत राज्यांत आणि परगण्यांत पोहोचू लागली आणि ती वाटण्यासाठी प्रशिक्षित माणसांची निकड निर्माण झाली. १९३४ मध्ये वॉशिंग्टन काही काळ वॉशिंग्टन शहरात, केंद्रीय मदतकार्यातील कृष्णवर्णीयांविषयीच्या विभागाचे प्रमुख होते. काही महिन्यांतच राजीनामा देऊन ते विद्यालयात परतले. रोजगाराची दारे बंद ठेवून केवळ शिधा दिला, तर एक अख्खा समाज कायमचा आश्रित होईल, ही त्यांची चिंता होती.

विद्यालयात त्यांच्यासोबत फ्रँकी अ‍ॅडम्स यांच्यासारख्या अध्यापिका होत्या. त्या १९३१ मध्ये आल्या आणि गटकार्य व समुदाय संघटन शिकवत अनेक पिढ्यांच्या गुरू झाल्या. १९३८ मध्ये विद्यालय अटलांटा विद्यापीठाशी जोडले गेले आणि पुढे त्याचाच भाग बनले.

१६/
इकडे हॉवर्डमध्ये दुसरा धागा विणला जात होता. समाजशास्त्राबरोबरच समाजकार्याच्या अभ्यासक्रमाची जबाबदारीही फ्रेझर यांच्याकडे होती. १९३७ मध्ये त्यांच्या विभागात इनाबेल बर्न्स लिंडसे अध्यापक म्हणून आल्या. हेन्स यांच्या शिष्यवृत्तीचे दुसरे नाव ते हेच. न्यूयॉर्कमधील उमेदवारी, सेंट लुईसमधील प्रत्यक्ष काम आणि शिकागो विद्यापीठाची पदवी एवढी शिदोरी त्यांच्यापाशी होती.

१९४५ मध्ये हॉवर्डमध्ये समाजकार्याचे स्वतंत्र विद्यालय झाले आणि लिंडसे त्याच्या प्रमुख झाल्या. १९६७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. हॉवर्डच्या इतिहासात अधिष्ठातापदी पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. अटलांटातून हाकललेल्या अध्यापकाने ज्यांना आपल्या विभागात आणले, त्यांनी देशाच्या राजधानीत दुसरे केंद्र उभे केले. गुरूची खुर्ची हिरावता येते, गुरुपरंपरा हिरावता येत नाही, याचे हे उदाहरण.

१७/
१९५४ हे वर्ष या कहाणीत दोनदा येते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यात सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. निकालपत्राच्या प्रसिद्ध अकराव्या तळटीपेत न्यायालयाने सामाजिक शास्त्रांतील काही लेखनाचा आधार घेतला. त्यात फ्रेझर यांचा १९४९ चा ग्रंथ होता. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यांच्या लेखणीवर जमाव धावून आला, त्यांचे लेखन आता राष्ट्राच्या कायद्याला टेकू देत होते.

त्याच वर्षी वॉशिंग्टन निवृत्त झाले आणि अटलांटाच्या विद्यालयात व्हिटनी यंग अधिष्ठाता म्हणून आले. केंटकीचे हे तरुण दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. गोरे अधिकारी आणि काळे शिपाई यांच्यात मध्यस्थी करताना त्यांना आपल्या आयुष्याचे काम सापडले, आणि मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी समाजकार्याची पदवी घेतली.

१८/
यंग यांच्या काळात विद्यालयाची शिकवण रस्त्यावर आली. शहरातील तरुण कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या एका समितीत ते पुढारपण करत. या समितीने १९६० मध्ये अटलांटातील कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला: शाळा, घरे, आरोग्य, नोकऱ्या यांतील तफावत आकड्यांनिशी. त्याच वर्षी ९ मार्चला अटलांटाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मानवी हक्कांचे आवाहन वृत्तपत्रांत छापले. त्याला या अहवालाचा आधार होता. पुढच्याच आठवड्यात शहरातील उपाहारगृहांत विद्यार्थ्यांची धरणी सुरू झाली.

लुजेनिया होप यांनी पन्नास वर्षांपूर्वी घरोघरी फिरून पुरावे गोळा केले होते. पाहणी करा, आकडे मांडा, मग हक्क मागा, हीच ती रीत. १९६१ मध्ये यंग नॅशनल अर्बन लीगचे प्रमुख होऊन न्यूयॉर्कला गेले.

१९/
परंतु इतिहास सरळ रेषेत चालत नाही. १९६५ मध्ये श्रममंत्रालयातील अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा कृष्णवर्णीय कुटुंबाविषयीचा अहवाल बाहेर आला. त्यात फ्रेझर यांच्या संशोधनाचा मोठा आधार होता. फ्रेझर १९६२ मध्ये वारले होते. बाजू मांडायला ते नव्हते. गुलामी, स्थलांतर आणि बेकारी यांनी कुटुंबाची वीण कशी उसवली, हे त्यांनी दाखवले होते. अहवालातही बेकारीची चर्चा होती. पण बाहेर गाजला तो कुटुंबाच्या मोडतोडीचा भाग. वृत्तपत्रे आणि धोरणकर्ते यांच्या चर्चेत कारण मागे पडले आणि उसवलेली वीणच पुढे आली.

ज्याने रुग्ण कोण असे विचारले, त्याच्याच ग्रंथांच्या आधारे पुन्हा कृष्णवर्णीय कुटुंब खाटेवर झोपवले गेले. यात फ्रेझर यांच्या लेखनाचाही थोडा दोष होता. गोऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाचा साचा त्यांनी नकळत मापदंड मानला, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

२०/
एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे समाजकल्याणाची राष्ट्रीय परिषद भरली. जेसी थॉमस १९२० मध्ये जेथे बोलले होते, त्याच परिषदेचे हे पुढचे रूप. या वेळी कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांनी विद्यालय मागितले नाही. परिषदेचे पुढारपण आणि तिचे निर्णय यांत आपल्या समाजाचा आवाज नाही, असे ठणकावून ते सभागृहातून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना स्थापन केली.

व्हिटनी यंग यांनी वाट निराळी धरली. १९६९ मध्ये ते समाजकार्यकर्त्यांच्या मुख्य राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. १९७१ मध्ये लागोस येथे समुद्रात पोहत असताना त्यांचे अकाली निधन झाले. बाहेर पडून लढावे की आत राहून, हा १९२० चा पेच नव्या रूपात पुन्हा उभा होता.

२१/
विद्यापीठांतही नवे लेखन येऊ लागले. १९६८ मध्ये अँड्र्यू बिलिंग्जली यांचे कृष्णवर्णीय कुटुंबांवरील पुस्तक आले. अर्बन लीगमधील संशोधक रॉबर्ट हिल यांनी १९७२ मध्ये त्याच कुटुंबांची बलस्थाने मोजून दाखवली: नातलगांची मुले सांभाळणारे गोतावळे, कष्टाची ओढ, श्रद्धा. १९७६ मध्ये बार्बरा सॉलोमन यांच्या ग्रंथाने सक्षमीकरण ही कल्पना समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आणली. माणसाला हतबल केले कोणी, हे शोधल्याशिवाय त्याला बळ देता येत नाही, हे तिचे सूत्र.

ही कल्पना आज जगभरच्या समाजकार्य विद्यालयांत, अगदी गावच्या बचतगटाच्या प्रशिक्षणातही, इतकी रुळली आहे की तिचे मूळ या झगड्यात आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

२२/
या कहाणीचा एक पदर मुंबईलाही येऊन भिडतो. भारतातील पहिले समाजकार्य विद्यालय १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झाले: ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकन मराठी मिशनचे. म्हणजे या शिक्षणाचा साचा अमेरिकेतूनच आला.

त्याच १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झाले. लाहोरच्या मंडळाने भाषण रद्द केले, म्हणून त्यांनी ते स्वतः छापले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीही आजाराचेच रूपक वापरले आणि रोगाचे बोट दलितांकडे न दाखवता जात मानणाऱ्या समाजाकडे दाखवले. त्यांनी फ्रेझर वाचले होते, असे यातून सिद्ध होत नाही. दोन खंडांवर, दहा वर्षांच्या आत, दोन विद्वान एकाच प्रश्नापाशी पोहोचले, एवढे मात्र निश्चित.

२३/
अटलांटाचे ते विद्यालय आजही आहे. क्लार्क अटलांटा विद्यापीठात ते व्हिटनी यंग यांच्या नावाने ओळखले जाते. १९२० पासूनची त्याची वाट पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. वंशभेदाविरुद्धचे शिक्षण तेथे कोणा एका पाठ्यपुस्तकाने आणले नाही. ते आणले एका शिष्यवृत्तीने, एका संचालकाच्या धाडसाने, दुसऱ्याच्या चिकाटीने, क्षेत्रकार्याची नोंद कोणी तपासावी यावरच्या भांडणाने, आणि आपल्याला मिळालेला हात पुढच्याला देणाऱ्या अध्यापकांनी. हेन्स यांनी वॉशिंग्टन आणि लिंडसे यांना वाट दिली, लिंडसे यांना फ्रेझर यांनी अध्यापक म्हणून घेतले, वॉशिंग्टन यांनी रचलेल्या भिंतीवर यंग यांनी मजला चढवला.

२४/
समाजकार्य शिकणारा विद्यार्थी आजही पहिल्या घरभेटीहून परततो, वही उघडतो आणि नोंद लिहायला बसतो. समोर दिसलेले दारिद्र्य त्याला लिहायचे असते. त्या दारिद्र्याचे कारण कोठल्या रकान्यात लिहायचे, हे त्याला कोणीतरी शिकवावे लागते. शिकवणाऱ्याने तो रकाना दाखवलाच नाही, तर विद्यार्थी कितीही कनवाळू असला तरी तो कोराच राहतो. फ्रेझर यांनी १९२७ मध्ये तो रकाना दाखवला आणि त्यासाठी शहर सोडले. त्यांच्यामागून आलेल्यांनी तो पुन्हा पुसला जाऊ दिला नाही.